कॉफीवरचा फेस आणि मोंढ्यातले सोयाबीन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी संध्याकाळी पाच वाजता कॉफी होते. सकाळी चहा, दुपारी चहा. पाचची मात्र कॉफी. लग्नानंतर सुरू झालेला हा रिवाज चाळीस वर्षे चालला. कॉफी करायची पत्नीने आणि तिच्यावर फेस काढायचा मी, अशी आमची वाटणी. दोन भांडी घ्यायची, एक डोक्याएवढे उंच धरायचे, एक कमरेशी, आणि धार न मोडता ओतत राहायचे. मग वर जायफळ किसायचे. नोकरीत बढती झाली तेव्हा, मुलीचे लग्न ठरले तेव्हा, आणि ज्या दिवशी काहीच घडले नाही अशा हजारो दिवशी ही कॉफी झाली.

दोन वर्षांपूर्वी पत्नीचे पोट वारंवार बिघडू लागले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितले, दूध बंद करा. दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य वाढत्या वयात अनेकांच्या शरीरात कमी होत जाते, त्यात नवल काही नाही. ही साखर काढलेले दूधही मिळते. तेही आणून पाहिले, पण तिला मानवले नाही. मी म्हटले, ‘आता काळी कॉफी पिऊ या.’ ती म्हणाली, ‘अहो, दूध नको तर नको. पण फेस नसलेली कॉफी म्हणजे काढा. आणि काढा मला आजारपणातच बरा.’

त्यानंतर काही दिवस पाच वाजता आम्ही दोघे गॅलरीत नुसतेच बसलो. मग मी उठलो आणि शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे फळीवर बदामाचे, ओटचे, सोयाबीनचे, नारळाचे अशी दुधासारखी दिसणारी पेये खोक्यांत मांडलेली. किंमत गाईच्या दुधाच्या कित्येक पट. यातले नेमके फेसाला कोणते चांगले, हे विक्रेत्या मुलाला विचारले. तो म्हणाला, ‘सर, सगळेच चांगले आहेत.’

आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला एक खोड असते. प्रश्न पडला की तो आधी मागे वळून पाहतो. कॉफीत दूध आले कधी? फेस आला कुठून? आणि दुधावाचून दूध करायचा खटाटोप याआधी कुणी केला होता का? स्वयंपाकघरातले प्रयोग आणि ही शोधाशोध आमच्याकडे जोडीनेच चालली. त्यातून जे हाती आले ते आज सांगतो.

पहिली गोष्ट अशी की कॉफी दुधाशिवायच जन्मली आणि काही शतके दुधाशिवायच फिरली. या प्रवासाशी आपल्या शहराचा संबंध आहे, तोही अगदी पायाच्या दगडापासून. १६१० साली खडकी नावाची वस्ती राजधानीच्या रूपाने वसवणारा, पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराचा संस्थापक मलिक अंबर हा जन्माने इथिओपियाचा. कॉफीचे झाड मूळचे त्याच देशाच्या डोंगराळ रानांतले. लहानपणी तो गुलाम म्हणून विकला गेला आणि त्याच्या खरेदी-विक्रीच्या वाटेवर तांबड्या समुद्राकाठचे मोखा हे बंदर होते. कॉफीच्या व्यापाराने जगभर गाजले ते हेच मोखा. आजही कॅफेच्या फलकावर ‘मोका’ दिसतो तो या बंदराच्या नावाने.

योगायोग इथेच संपत नाही. पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा एक डच व्यापारी होता. कॉफीची चव घेतलेल्या अगदी पहिल्या डचांपैकी हा एक. १६१६ साली तो मोख्याला होता. पुढच्याच वर्षी त्याचे जहाज गुजरातच्या किनाऱ्यावर फुटले, तेव्हा तो जमिनीवरून मच्छलीपट्टणकडे निघाला आणि वाटेत दख्खनमध्ये मलिक अंबरला भेटला. अंबरच्या मोख्यातल्या विक्रीची हकिकत आपल्याला कळते ती याच माणसाच्या टिपणांतून. त्याच्या अंगरख्याच्या खिशात कॉफीच्या बिया होत्या आणि नहरीच्या पाण्यात त्या उकळल्या गेल्या, असे एखादा कादंबरीकार खुशाल लिहील. मी लिहिणार नाही.

पण सव्वाशे वर्षांनंतरचा एक पुरावा लेखी आहे. दर्गाह कुली खान हा १७१० साली संगमनेरला जन्मलेला सरदार, पुढे औरंगाबादचा सुभेदार झाला. निजामुल्मुल्क आसफजाह यांच्याबरोबर तो १७३८ साली दिल्लीला गेला आणि १७४१ पर्यंत तिथे राहिला. त्याच मुक्कामात नादिरशहाची स्वारी झाली. त्याने त्या काळच्या दिल्लीचे फारसीत जे वर्णन लिहिले ते ‘मुरक्का-ए-दिल्ली’ या नावाने प्रसिद्ध आहे. चांदणी चौकातल्या कहवाखान्यांत कवी जमतात, कविता वाचतात, एकमेकांना दाद देतात, हे आपल्या दख्खनच्या या माणसाने टिपून ठेवले आहे. त्या कहव्यात दूध नव्हते. अरबस्तानात, तुर्कस्तानात, इराणात कुठेच ती रीत नव्हती.

फेस मात्र होता! तुर्की पद्धतीच्या कॉफीत बारीक दळलेली पूड पाण्यात मंद आचेवर चढवतात आणि उकळी फुटण्याच्या आत वर आलेला फेस चमच्याने प्रत्येक पेल्यात वाटतात. फेस नसलेला पेला पाहुण्याला देणे म्हणजे त्याचा मान न राखणे. हे वाचले तेव्हा मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले. चाळीस वर्षे मी तिला जी हट्टी समजत होतो, तिच्या पाठीशी उस्मानी साम्राज्य उभे होते.

कॉफीत दूध शिरले ते युरोपात, आणि आपल्याकडे ते रुजले दक्षिणेत. चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुदन यांनी कॉफीची बी आणल्याची कथा सर्वांना माहीत आहे. पण मळे वाढले एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या हाती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तामिळ आणि कानडी मध्यमवर्गाने गाळणीची कॉफी, ताजे निरसे दूध आणि दावरा-टंबलरमधून उंचावरून ओतून काढलेला फेस असा सगळा संसार उभा केला होता. मुंबईत चर्चगेटला १९३६ साली पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले, तेही मळेवाल्यांचा माल देशातच खपावा म्हणून. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि इथे राज्य चहाचे. आमच्या पिढीच्या घरांत कॉफी आली ती बरणीतल्या पुडीच्या रूपाने. पूड, साखर आणि चमचाभर पाणी कपात घेऊन हात दुखेपर्यंत फेटायचे, रंग बदामी झाला की वर गरम दूध. २०२० च्या टाळेबंदीत कोरियातून ‘डालगोना’ म्हणून जी कॉफी जगभर गाजली ती हीच, फक्त उलटी : खाली दूध, वर फेस. या फेसातही दुधाचा थेंब नसतो.

आणि लग्नातली ‘एक्स्प्रेसो’! मांडवाच्या कोपऱ्यात ते चकचकीत यंत्र, खर्रर्र आवाज करणारी वाफेची नळी, कपात फुगून वर येणारे दूध आणि वर भुरभुरलेली कोकोची पूड. त्यासाठी आम्ही पोरे जेवण अर्धे टाकून रांगेत उभी राहायचो. वाफेच्या दाबावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ साली घेतले. त्याच्या देशात एक्स्प्रेसो म्हणजे दोन घोट काळी, कडक कॉफी. आपल्या मांडवात ते नाव फेसाळ दुधाला कसे चिकटले याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा.

आता प्रश्न असा की फेस म्हणजे असते काय? फेस म्हणजे द्रवात कोंडलेली हवा. साध्या पाण्यात बुडबुडा टिकत नाही, कारण त्याला भिंत नसते. दुधात प्रथिने असतात. दूध गरम करून घुसळले की ही प्रथिने उलगडतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. तीच ती भिंत. सुट्या स्निग्धांशाचा मात्र फेसाशी उभा दावा : तेलाचा थेंब भिंतीत घुसला की बुडबुडा फुटतो. म्हणून दुधासारखी दिसणारी कोणतीही वस्तू फेसाला कशी, हे ठरवायचे तर पहिल्यांदा खोक्याच्या मागच्या बाजूला प्रथिनांचा आकडा पाहायचा. गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरला तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात. हा आकडा मनात धरून पुढचे ऐका.

आमचा पहिला प्रयोग नारळाचा. पत्नीचे माहेर रत्नागिरीकडचे, त्यामुळे घरात नारळ होताच आणि तिच्या मते त्याला पर्यायही नव्हता. शिरवाळ्यांबरोबर नारळाचा रस खाल्लेल्या माणसाला दुसरे दूध कशाला हवे! रस काढला, गरम केला, मी नेहमीसारखा उंचावरून ओतला. मोठमोठे बुडबुडे आले आणि विरले. मग कॉफीवर तेलाची चकचकीत वर्तुळे तरंगू लागली. चव वाईट नव्हती, पण ती कॉफीची नव्हती, नारळाची होती. कारण उघड आहे : नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर, प्रथिने अगदी थोडी.

मग बदाम. रात्रभर भिजवून, सोलून, वाटून, गाळून. बदामाच्या दुधाचा इतिहास मोठा रुबाबदार आहे. मध्ययुगीन युरोपात उपवासाच्या दिवसांत दूध-लोणी वर्ज्य असे, तेव्हा श्रीमंतांच्या मुदपाकखान्यांत बदामाचे दूधच सगळीकडे वापरले जाई. आपल्याकडे थंडाईत ते आहेच. त्याचा फेस आला, दिसला छान. पण मी जायफळ किसून होईपर्यंत सोड्याच्या बाटलीसारखा बसला. बाजारातल्या बहुतेक खोक्यांत तर बदाम इतके थोडे असतात की प्रथिने शंभर मिलिलिटरला एक ग्रॅमही भरत नाहीत.

तिसरा प्रयोग ओटचा. खरे सांगायचे तर विकत आणलेल्या खोक्यांत फेसाला हेच सरस ठरले. मऊ, बारीक, टिकाऊ फेस. त्याच्या पाठीवरचा आकडा मात्र जेमतेम एक ग्रॅमचा. मग हे कसे? स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले रिकार्ड ओस्ते दुधातली साखर न पचणाऱ्या माणसांसाठी पर्याय शोधत होते. १९९० च्या दशकात त्यांनी ओटमधल्या पिठाचे पाचकद्रव्याने साखरेत रूपांतर करून पातळ, गोडसर पेय बनवले आणि १९९४ मध्ये त्यातून ‘ओटली’ ही कंपनी निघाली. कॉफीसाठीच्या खास खोक्यात मग योग्य मापाने तेल घोटून एकजीव केलेले असते, आणि कॉफीच्या आंबटपणाने पेय फाटू नये म्हणून फॉस्फेटचा क्षार. घोटून एकजीव केलेले तेल सुट्या तेलासारखे फेस मोडत नाही, उलट त्याला साय दिल्यासारखा मऊपणा आणते. म्हणजे हा फेस शेतातला कमी आणि कारखान्यातला जास्त. घरी ओट भिजवून, वाटून, गाळून पाहिले, तर गरम होताच त्याची बुळबुळीत पेज झाली. आणि ती विकतची गोडी म्हणजे साखरच. मधुमेह असणाऱ्यांनी तोही आकडा वाचावा.

राहिले सोयाबीन. त्याला आम्ही शेवटी ठेवले, कारण दोघांच्याही मनात त्याच्याविषयी अढी होती. सोयाबीन म्हणजे पथ्य, सोयाबीन म्हणजे शाळेतल्या खाऊची वडी, सोयाबीन म्हणजे तो उग्र वास. ही अढी आली कुठून, हे शोधायला गेलो आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या वर्ध्याला जाऊन पोहोचलो.

दुधावाचून दूध शोधणारा आपल्याकडचा सर्वांत नामवंत माणूस म्हणजे महात्मा गांधी. गाई-म्हशींचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढण्यासाठी गोठ्यांत चालणाऱ्या क्रूर प्रकारांविषयी वाचून त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. १९१८ साली खेड्यात सैन्यभरती करत फिरताना ते इतके आजारी पडले की वाचतात की नाही अशी वेळ आली. कुणी मुगाचे पाणी सुचवले, कुणी मोहाचे तेल, कुणी बदामाचे दूध. अखेर मुंबईच्या डॉक्टर दलालांच्या आग्रहाने आणि कस्तुरबांनी काढलेल्या तोडग्याने ते शेळीच्या दुधावर आले. व्रताची अक्षरे पाळली पण आत्मा पाळला नाही, ही टोचणी त्यांना कायम राहिली. दुधाची जागा घेईल असे वनस्पतिजन्य काही कुणाला ठाऊक असेल तर सांगा, असे त्यांनी आत्मचरित्रात जाहीरपणे विचारले आहे. कॉफीच्या बाबतीतही त्यांचा तोडगा तयार होता : गहू लाल-काळसर भाजून, दळून, त्याची कॉफी. दुधाविना दूध आणि कॉफीविना कॉफी! आमच्या पत्नीला हे सांगितले तेव्हा तिने फक्त माझ्याकडे पाहिले.

१९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे ठिकाण झाली. १९३५ मध्ये तिथल्या भोजनात सोयाबीन आले आणि गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर लिहिले. त्याच सुमाराला बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात सोयाबीनचा पद्धतशीर प्रचार चालला होता. सयाजीराव म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याच्या शेतकऱ्याघरचे पोर. त्यांच्या राज्यातले अन्नपाहणी अधिकारी एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक संस्थानाच्या छापखान्यातून काढले. लागवड, पोषणमूल्य, पाककृती असा त्याचा पसारा. सोयाबीनच्या दुधाचाही त्यात विचार आहे. कल्पना करा, मराठवाड्यात सोयाबीन हे पीक म्हणून कुणाला ठाऊक नसताना एक मराठी अधिकारी त्याचे दूध कसे काढावे हे लिहीत बसला होता.

पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४० च्या दशकात सोयाबीनच्या दुधावर संशोधन झाले. त्या कामातले व्ही. सुब्रह्मण्यन १९५० मध्ये म्हैसूरला स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक. त्याच संस्थेने नंतर शेंगदाण्याचे प्रथिन आणि जनावराचे दूध मिसळून ‘मिल्टोन’ तयार केले, दुधाच्या टंचाईवर उपाय म्हणून.

या सगळ्या खटाटोपात मला एक सूत्र दिसते आणि माझ्या मते अढीचे मूळ तिथेच आहे. ही माणसे मोठी होती, हेतू उदात्त होता. पण प्रत्येकाने सोयाबीनचे दूध पुढे केले ते गरिबाचे दूध म्हणून, दुबळ्याचे, रुग्णाचे, टंचाईतले दूध म्हणून. ते चवीला कसे, कॉफीत कसे, त्यावर फेस धरतो का, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला नाही. चैनीचा प्रश्न वाटला असणार. ओटवाल्यांनी नेमके उलटे केले. २०१६ च्या सुमाराला ते अमेरिकेत गेले तेव्हा आधी किराणा दुकानांत न जाता कॉफीच्या दुकानांत शिरले, फेस काढणाऱ्या कारागिरांच्या हाती खोकी दिली. लोकांनी ते प्यायले ते चांगले लागले म्हणून.

आणि सोयाबीनचे आपल्याकडे काय झाले? दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने आणि वीस टक्के तेल. आपण तेलाकडे पाहिले. साठच्या दशकात जबलपूर आणि पंतनगरला अमेरिकी वाणांच्या चाचण्या झाल्या, मध्य प्रदेशात पीक पसरले, तिथून विदर्भात आणि मग आपल्याकडे. आज मराठवाड्यात खरिपाचे मुख्य पीक कोणते विचारले तर शेंबडे पोरही सोयाबीन म्हणेल. लातूरचा भाव काय निघाला यावर गावोगावचा दिवस चांगला की वाईट ते ठरते. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ अशी वाणे दिली. त्यातली ‘एमएयू’ ही अक्षरे म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठच. पण दाणा मोंढ्यातून कारखान्यात जातो, तेल बाटलीत जाते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. ज्या गुणामुळे सोयाबीन फेस धरते, तो गुण आपण कोंबड्यांना देऊन टाकतो आणि ओटचा फेस खोक्यातून विकत आणतो.

मी जाधववाडीच्या बाजारात गेलो. ओळखीच्या व्यापाऱ्याकडे एक किलो सोयाबीन मागितले. त्याने चष्मा वर केला. ‘सर, बियाणं पाहिजे का?’ म्हटले, नाही, खायला. ‘खायला?’ मग त्याने स्वतः निवडून पिवळाधमक दाणा दिला. इथे एक सूचना : पेरणीसाठी ठेवलेले बियाणे खाण्यासाठी कधीही घेऊ नका, त्याला औषध चोळलेले असते.

पहिला प्रयत्न फसला. भिजवले, गार पाण्यात वाटले, गाळले, उकळले. वास तोच, शेंगेचा, हिरवट. कॉफी ओतली तर दही लागल्यासारखे कण. पत्नी म्हणाली, ‘राहू द्या आता.’ त्या ‘राहू द्या’त रागापेक्षा थकवा जास्त होता, म्हणून मला राहवेना.

दोन्ही दोषांना कारणे आहेत आणि उपायही. तो वास दाण्यात मुळात नसतो. दाणा पाण्यात फुटला की त्यातले लायपॉक्सिजिनेज हे द्रव्य तेलावर काम करते आणि वास तयार होतो. उष्णतेने ते द्रव्य मरते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९६० च्या दशकात हे ओळखून दाणा उकळत्या पाण्यातच वाटायची पद्धत निघाली. काळ्यांच्या पुस्तकानंतर तीस वर्षांनी! तर आता आम्ही असे करतो. शंभर ग्रॅम दाणा रात्रभर भिजवायचा, चोळून साले काढायची, पाच मिनिटे उकळत्या पाण्यात टाकायचा, आणि गरम पाण्यातच थोडा थोडा वाटायचा. मिक्सरचे भांडे कधीही काठोकाठ भरू नये, वाफेने झाकण उडते. सगळे मिळून पाणी सुमारे आठशे मिलिलिटर. यापेक्षा पातळ केले की फेस गेला. मग पंचातून गाळायचे आणि पंधरा-वीस मिनिटे उकळायचे. हे उकळणे टाळू नका, कच्चे सोयाबीन पचत नाही. आणि भांडे मोठे घ्या. उकळायच्या कितीतरी आधी हे दूध भसकन फेसाळून वर येते, ती फसवी उकळी. आमचा गॅस दोनदा विझला. पण तो फेस पाहून मी मनातून खूष झालो, कारण दाणा आपली लायकी स्वतःच सांगत होता. प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळपास. उरलेला चोथा थालीपिठात जातो.

फाटण्याचे कारण आंबटपणा. कॉफी किंचित आम्ल असते, आणि गरमागरम आम्लात सोयाबीनची प्रथिने गोठतात. म्हणून कॉफी जरा काळी भाजलेली घ्यावी, ती कमी आंबट असते. काढल्यावर दोन मिनिटे थांबावे. आधी कपात गरम दूध, मग त्यावर कॉफीची बारीक धार, उलटे नाही. तरीही फाटले तर दुधात खायचा सोडा, चिमटीत मावेल त्याच्या निम्मा. जास्त झाला की साबणाची चव येते.

आणि फेसासाठी उंचावरून ओतणे मी सोडले, आता खांदाही दुखतो. ताकाची लहान रवी काढली. दूध उकळते नको. भांड्याला बाहेरून हात लावला तर चटकन मागे घ्यावा लागेल इतपत गरम. उभट भांडे, रवी जरा तिरकी, मिनिटभर घुसळणे, मग भांडे ओट्यावर दोनदा आपटून मोठे बुडबुडे फोडायचे. लहान विजेची फेटणीही चालते. ज्यांना विकतचेच हवे त्यांनी बिनसाखरेचे, तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असलेले सोयाबीनचे घ्यावे आणि खोके जोरात हलवून मगच ओतावे. सोयाबीनची अॅलर्जी असेल तर अर्थातच हा मार्ग बंद. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि हे दूध यांच्यात अंतर किती ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावे. घरच्या सोयादुधात गाईच्या दुधाएवढे कॅल्शियम नसते, तेही त्यांच्याशी बोलून घ्यावे.

मी सवयीने याला ‘दूध’ म्हणतो आहे. २०२१ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांच्या वेष्टनावर हा शब्द वापरण्यास हरकत घेतली. म्हणून खोक्यांवर ‘पेय’ असे लिहिलेले दिसते. नारळाच्या दुधाला मात्र सूट आहे. रत्नागिरीकरांचा हा विजय आमच्या घरी साजरा झाला. मराठीला स्वतःला ही अडचण कधी पडली नव्हती. गव्हाचा चीक, नारळाचे दूध, कणसातले दूध : जे पांढरे, पातळ आणि पोसणारे ते दूध, एवढेच आपण पाहत आलो.

पहिल्यांदा जमले तो दिवस श्रावणातला होता. बाहेर पाऊस. मी कप नेऊन ठेवला आणि काही बोललो नाही. पत्नीने फेसाकडे पाहिले, कप कानाशी नेला. चांगला फेस आवाज करत नाही, फुटका करतो. हे तिचे जुने शास्त्र. मग एक घोट घेतला. म्हणाली, ‘जायफळ विसरलात.’

मी उठून किसणी आणली. परतलो तेव्हा फेस तसाच होता.

गेल्या आठवड्यात पुन्हा जाधववाडीला गेलो होतो. व्यापाऱ्याने विचारले, ‘सर, किती देऊ?’ या वेळी दोन किलो घेतले, कारण शेजारच्या घरातही विचारणा झाली आहे. भाव पडल्याने तो दिवस तिथे कुणाचाच चांगला नव्हता. दारात एक शेतकरी ट्रॅक्टरवर बसून होता. माझ्या पिशवीकडे पाहून त्याने विचारले, एवढ्याचे काय करता? मी सांगितले. त्याने पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले, आणि मग वाटायची रीत पहिल्यापासून.